पहाऱ्याची माती

३ मे १९१९

पोहोचलो एकदाचा! बोटीतून उतरलो तर ऊन इतकं लख्ख की माझ्यासारख्या रडतोंड्यालाही हसू आलं. घर वाळूच्या टेकाडावर आहे, पांढरंशुभ्र. मागे समुद्र, पुढे दोऱ्यांवर सुकत घातलेले मासे. होल्मगाऊचे आमचे राजे, प्रिन्स एगबर्ट, बंडवाल्यांनी राजधानी घेतल्यापासून डेन्मार्कच्या या कोपऱ्यात येऊन राहिले आहेत, आणि आजपासून मी त्यांचा खास नोकर. दाढी, कपडे, बूट, चहा. कोपनहेगनच्या हॉटेलात इतकी वर्षं लोकांच्या उष्ट्या थाळ्या उचलल्या, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

घरात माणसं मोजकीच. राजेसाहेब, त्यांचे म्हातारे दिवाण फॉन टॉर्नित्स आणि स्वयंपाकीण बोदिलबाई. बाई इथल्याच गावची, जिभेला हाड नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, की अरे हेनिंग, तुझा एक पाय लंगडा, दुसरा काडीसारखा. तू राजाला सांभाळणार की राजा तुला, ते आधी ठरवून घे बाबा. आणि लगेच बटाटे आणि डुकराच्या मांसाचा हा एवढा ढीग वाढला.

राजेसाहेब सव्वीस वर्षांचे. मी आत गेलो तर चक्क उभे राहिले. आमच्या गावचं नाव ऐकून विचारलं, की तिथल्या चेरी यंदा फुलल्या असतील का. मला भरून आलं. माझा धाकटा भाऊ डेटलेफ त्यांच्याच पहाऱ्यात शिपाई होता. बंडाळीपासून त्याचा पत्ता नाही. आई माझ्याकडे पळून आली तेव्हापासून तिचं एकच पालुपद, की राजाला विचार, माझं पोर कुठे सोडलंस. त्यासाठीच तर ही नोकरी धरली. चांगला माणूस दिसतोय. सांगेल.

६ मे

बागेकडच्या खोलीत जमिनीवर एक लाकडी परात आहे, माणूस आरामात उभा राहील एवढी. तिच्यात होल्मगाऊची माती, वर कोवळं गवत. आमचा राजा आपल्या मातीवर उभा राहून बोलला तरच तो हुकूम, नाहीतर नुसती बडबड, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून परदेशी जाताना माती बरोबर. तिला रोज पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं.

दिवाणसाहेबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की पळायच्या धांदलीत मातीची आठवण फक्त त्यांना झाली. सरहद्दीवरच्या पुलाशी गाडी थांबवली, तिथल्या पहारेकऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं, तर त्या पोराने आपल्या पायाखालचीच माती संगिनीने उकरून स्वतः पेटीत भरून दिली. फार गुणी पोरगा, पुढचा दात तुटलेला.

डेटलेफचा पुढचा दात तुटलेला आहे. मीच तोडला होता, लहानपणी, ढकलाढकलीत.

संध्याकाळी दाढी करताना राजेसाहेबांना विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, की हो, त्याला पुलावर ठेवलं होतं. दुपारपर्यंत परत येतो असं सांगितलं होतं. नंतर निसटला असेल तो, म्हणाले. माझ्या वस्तऱ्याखाली त्यांचा गळा सारखा हलत होता.

११ मे

या घरात दुपारी काहीतरी बिनसतं. बाराच्या आधी बोदिलबाई टोपली उचलून गावात जाते. राजेसाहेब वरच्या खोलीत दार लावून ग्रामोफोन लावतात, इतक्या मोठ्याने की भिंती हलाव्यात. मी बाईला छेडलं. ती म्हणाली, की मी डेन्मार्कची, तुमच्या राज्याच्या भानगडी तुमच्यापाशी. मला एवढंच कळतं, की बारा वाजता त्या खोलीत जायचं नाही.

आणि मातीत पाय उमटतात. दोन बूट, टाचा जुळवून, पहाऱ्यावर उभं राहतात तसे. आत कुणी जात नाही. मी माती सारखी करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी घालतो तेही क्षणात नाहीसं होतं, कुणी घटाघटा प्यावं तसं.

१५ मे

आज मुद्दाम थांबलो. बाहेर रणरणतं ऊन, खोलीत कुणी नाही. गवत दबलं. मग आवाज आला: कोण आहे तिकडे?

खुर्चीचा पाय धरून बसून राहिलो. आवाज डेटलेफचाच, तुटक्या दातातून वारा जाणारा. तो मेला आहे. मला आता कुणी सांगायची गरज नाही. माझा भाऊ मेला आहे आणि तरी उभा आहे.

का ते मला कळतं. मीही गुडघा फुटायच्या आधी गडावर पहारा दिलाय. पहारा बदलतो बाराला. समोरून येणाऱ्याला हाक द्यायची. बदली असेल त्याने आपलं नाव सांगायचं, नाव सांगितलं की जागा त्याची आणि पहिला मोकळा. इतर कुणी असेल त्याने 'वाटसरू' एवढंच म्हणायचं. पोरंसोरंसुद्धा चुकून नाव सांगत नाहीत. बदली आलीच नाही, तर फक्त राजा मोकळं करू शकतो, मातीवर उभं राहून, 'सुटी' म्हणून. डेटलेफला बदली आली नाही. राजा निघून गेला. आणि त्याची जागाच आम्ही पेटीत भरून इथे आणली.

रोज बाराला माझा भाऊ विचारतो आणि रोज कुणी उत्तर देत नाही.

१९ मे

राजेसाहेबांचे पाय धरले. एक शब्द, म्हटलं, फक्त एक शब्द. ते लहान मुलासारखे रडले. म्हणाले, मी रोज ऐकतो, हेनिंग. ग्रामोफोनमधूनही ऐकू येतं.

मग दिवाण मधे पडले आणि मला फैलावर घेतलं. मोठी राष्ट्रं अजून वाटाघाटी करताहेत. ज्याच्या नावाने एक तरी शिपाई पहाऱ्यावर उभा आहे, तोच आमच्या कायद्याने राजा. शेवटचा पहारेकरी सोडला की उरलं काय? एक लंगडा नोकर आणि परातभर चिखल?

म्हणजे यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून. माझ्या मेलेल्या भावाच्या खांद्यावर यांचं राज्य टेकलंय. दिवाणाचा गळा दाबावासा वाटला. दाबला नाही. आईला मी काय तोंड दाखवू?

२४ मे

राजेसाहेब तयार झाले! दिवाणांशी कडाक्याचं भांडून. उद्या बाराला. मी त्यांचा गणवेश काढून ठेवलाय, बटणं घासलीत. डेटलेफ, उद्या. एवढी कळ काढ रे.

२५ मे

काय लिहू —

ते आले. गणवेशात, पांढरेफटक. एक बूट मातीवर ठेवला. समोर गवतात त्याचे बूट उमटलेले, ताजे. त्यांनी 'सु —' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द पुरा व्हायच्या आत हाक आली. कोण आहे तिकडे?

राजाने सांगितलं, वाटसरू.

होल्मगाऊच्या राजाने, आपल्या मातीवर उभं राहून. मग पाय काढून घेतला आणि जिन्याकडे पळाले. मी मागून ओरडत होतो. खोलीत कुणीतरी फार हळू श्वास सोडला. माझ्या भावाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. वाटसरू आहे म्हणतो, तर जाऊ द्या.

संध्याकाळच्या बोटीने दोघेही गेले. स्वीडनला म्हणे. माती नेली नाही. स्वतःला वाटसरू म्हटल्यावर कशाला लागते माती. गाडीचं दार धरून मी लोंबकळलो, तर राजेसाहेब माझी बोटं एकेक करून सोडवत पुटपुटले, की मला माफ कर, मला त्याचा चेहरा दिसला.

२६ मे

घर रिकामं. बोदिलबाई आपली भांडी घेऊन गेली. म्हणाली, की ती परात समुद्रात ओत आणि माझ्या घरी चल, अंथरूण आहे, सूप आहे. असा भुतासारखा बसू नकोस रे. ओतली तर तो समुद्राच्या तळाशी उभा राहील. कायमचा. कसा ओतू?

आता सुटी देणारा कुणीच नाही. राजाच नाही.

बाराला हाक. मी तोंडात रुमाल कोंबून बसलो.

२७ मे

आज त्याचा आवाज बसला होता. पाणी घातलं. घालतच राहिलो. पुरत नाही त्याला.

२८ मे

गेलो जवळ. फक्त सांगायला, की बाळा, मी आहे इथे, आई सुखरूप आहे. त्याने विचारलं, कोण आहे तिकडे? — आणि जुनी सवय, टाचा आपोआप जुळल्या, छाती पुढे — हेनिंग, म्हणालो मी. ठणठणीत. गडावर म्हणायचो तसं.

गवत उठलं. बूट माझ्या शेजारून गेले, दारातून, वाळूत. पळत. मागे ओरडावंसं वाटलं, की आईकडे जा, डेटलेफ, कोपनहेगनला — पण तोंडातून आवाज फुटेना. सुटला. माझा भाऊ सुटला.

मी परातीत उभा आहे. कधी चढलो आठवत नाही.

बहुधा २९

पाय निघत नाहीत. ओढून पाहिले. गुडघा पेटलाय. तहान. खिशात ही वही, पेन्सिल. हात चालतो. आवाज नाही. आज बाराला एकदा फुटला, बंद खोलीत, कुणी नसताना. तीन शब्द. माझे नाहीत, पहाऱ्याचे.

कुणी येईल का इथे? आमच्याकडचं कुणीच उरलं नाही. 'वाटसरू' म्हणायचं हे कुणाला —

पुढचा दिवस

ऊन चढलंय. फाटक वाजलं. बोदिलबाई. टोपलीवर कापड, सूप आणलंय माझ्यासाठी. वाळूत तिचे लाकडी बूट —

ती इथली. माझ्या काळजीत बाराचं विसरली असेल, आणि नाव-वाटसरूचं तर तिला काही ठाऊकच नाही. विचारलं की कुणीही सांगेल तसं साधं नाव सांगेल —

काचेतून हात हलवतोय. ती हसून हात हलवते. जा. जा ना बाई. ओरडता येत नाही. मोठ्या अक्षरात लिहून काचेशी धरतो — नाव सांगू नको — पण घाईत माझ्याच भाषेत लिहिलं, तिला वाचता —

गावात घंटा. बारा.

दार उघडतेय. घसा भरून येतोय, मी दात आवळलेत, बोदिल, गप्प राहा, काहीही ऐकलंस तरी ग