राणीनं लावलेली सांजवात

आत्याबाई, तुमच्या देवघरात आज एक राणी बसली आहे आणि मी स्वयंपाकघरात अडकली आहे. टीव्हीसाठी एका राणीच्या आयुष्यावर मालिका काढत आहेत. त्यांना जुनं सागवानी घर पाहिजे होतं, म्हणून सानगडीचं आपलं मालगुजारी घर भाड्यानं घेतलं. ही राणी पुढे मोठं राज्य चालवणार आहे म्हणे. सध्या मात्र नवरा मेला आणि दिरानं तिला एका खोलीत डांबलं आहे. ती खोली म्हणजे आपलं देवघर.

तुम्ही असत्या तर त्यांना ओसरीसुद्धा चढू दिली नसती. लग्न होऊन आली त्याच दिवशी तुम्ही माझ्या हातात तेलाची बुधली दिली आणि म्हटलं, "हे पाय वो, या घरचा दिवा सुनेच्याच हातचा. तिन्हीसांजेले सून उंबऱ्याच्या आत पायजे." मी मान हलवली. भावाच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि दुपारच्या एसटीनं लाखनीहून परत आली. माय खाटेवर होती तेव्हाही तशीच उठली. ती म्हणाली, "थांब न वो आजच्या दिवस." मी म्हटलं, "उद्या येतो माय, दिवा लावाचा हाय." दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. सुतकाचे तीन दिवस दिवा तुम्हीच लावला, विटाळात लावायच्या तसाच. मग त्या एका संध्याकाळी काहून नाही, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. तुम्ही वाती वळत होत्या. उठून तुमच्या वाटणीचं दूध माझ्या भातावर ओतलं. तुम्ही गेल्यावरही मी एक सांज चुकवली नाही. देवावर माझी भक्ती आहे, पण तो दिवा भक्तीचा होता की धाकाचा, हे मी कधी उकरून पाहिलं नाही.

शूटिंगच्या पहिल्या सांजेला मी बुधली घेऊन निघाली, तर दारात एका माणसानं हात आडवा केला. "ताई, आवाज नको. टेक चालू आहे." फटीतून पाहते तर राणी आपल्या समईला काडी लावत आहे. देव खरे, समई खरी, तेलही माझंच. "पुन्हा!" कोणी तरी ओरडलं आणि तिनं तोंडानं फू करून ज्योत विझवली. लावते, फुंकते, पुन्हा लावते. शेवटी माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि राजवाड्यातली सगळी फौज माझ्याकडे वळून पाहायला लागली.

रात्री तुमच्या चिरंजीवांना विचारलं, "अवो, दिवा तर तिनंच लावला. आता मी काय करू?" ते म्हणाले, "लागला न? मंग झालं. देवाले का हात ओळखू येते?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी एकदा तरी म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी राणी डोक्यावरचा पदर काढून चहा मागायला आली. मी म्हटलं, "बाई, दिवा फुंकू नको. फुलानं शांतव." तिनं कानाला हात लावला, तेव्हापासून फूल घेते. जाताना म्हणाली, "मला लेखकानं कोंडलंय काकू. तुम्हाला कोणी?" मी हसली. तुमचं नाव घेतलं नाही.

मग काल मी लाखनीला गेली आणि सांजेला तिथंच राहिली. हायवेवर ट्रकांचे दिवे लागत गेले. भावजयीनं तुळशीपाशी दिवा ठेवला, मी नुसती हात जोडून बसली. भाऊ घाबरून विचारतो, "बाई, बस चुकली काय वो?"

आज शूटिंग संपणार होतं, पण ते आणखी दोन दिवस मागत आहेत. त्यानंतर राणी त्या खोलीतून सुटते म्हणे, पुढचं सारं दुसऱ्या गावी. समई इथंच राहील. तुमचे चिरंजीव दोन दिवस द्यायला नाही म्हणत होते, धानाची पोती ठेवायला जागा पाहिजे. मी म्हटलं, "देऊन टाका. भाडं येते." त्यांना लगेच पटलं, माझा काटकसरी स्वभाव ते ओळखतात.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून लिहिते. भाड्यासाठी नव्हतं, आत्याबाई. उद्याच्या बसचे सुटे पैसे मी पदराला बांधून ठेवले आहेत.