शाम्पूच्या जाहिरातीतला आवाज

३ मार्च
माझा आवाज काढून टाकणार म्हणे! शाम्पूच्या जाहिरातीतून! शूटिंग होऊन आठवडा झाला, केस झटकून झटकून मान धरली माझी, आणि आज एजन्सीतल्या बाई फोनवर किती गोड — "चेहरा लाखात एक आहे हो तुमचा, पण आवाज जरा... घरातल्या बायका दचकतील."

दचकतील! आठ वर्षं दर शनिवारी याच आवाजावर क्लब डोक्यावर घेतेय मी. कार्यक्रम पुढे नेणारी मी, टवाळांची तोंडं बंद करणारी मी. मॉडेलिंग त्यानंतर आलं. बाई म्हणून जगायला काय काय केलं ते माझं मला माहीत, पण आवाजाला हात लावला नाही. आवडतो मला तो.

४ मार्च
करारपत्र शोधून वाचलं. कलम चौदा — "आवाज कंपनीच्या मर्जीप्रमाणे." खाली माझी ऐसपैस सही, नक्षीसकट! गाढव आहे मी. आणि जाहिरातीतलं वाक्य काय? "केस माझे, मर्जी माझी!"

६ मार्च
ताईचा फोन. घरातली एकटी तीच बोलते माझ्याशी, तेही गच्चीत जाऊन. म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस? दिसणार आहेस ना टीव्हीवर!"

तिला सांगितलं नाही, इथे लिहिते. आईने मला नऊ वर्षांत पाहिलेलं नाही. घर सोडलं तेव्हा मिशी होती मला! आता दारात उभी राहिले तर "कोण पाहिजे?" विचारेल. ओळखलं असतं तर आवाजावरूनच. भाजी चिरता चिरता टीव्ही ऐकते ती, बघते कमीच. तेवढ्यासाठी ही जाहिरात घेतली होती मी. तेवढ्याचसाठी!

९ मार्च
न बोलावता स्टुडिओत गेले. काचेपलीकडे डबिंगवाली, बारीक चणीची. दिग्दर्शक तिला सांगतोय, "थोडा जाडसर काढा. यांच्यासारखा. पण बायकी!"

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, माझ्यासारखा हवाय तर मी इथे उभी आहे की! तर म्हणे, "मॅडम, पर्सनली घेऊ नका." मग काय, शेजारीपाजारी वाटून टाकू?

डबिंगवालीने हेडफोन काढले, "सॉरी हो" म्हणाली, आणि पुन्हा माईकसमोर उभी राहिली. तिलाही पोट आहे. तरी राग आलाच तिचा. खोटं कशाला लिहू?

१२ मार्च
वकिलाकडे गेले. त्यानेही कलम चौदावरच बोट ठेवलं.

२० मार्च
लागली जाहिरात. हसते मी, बोलते ती! दुसऱ्यांदा लागली तेव्हा टीव्हीच बंद केला.

२१ मार्च
आईचा फोन. नऊ वर्षांनी! कशी आहेस नाही, काही नाही, एकदम —

"नाक तुझ्या बाबांचं, मला काय कळत नाही? पण ती कोण बया बोलतेय गं तुझ्या तोंडून? तुझी काय दातखीळ बसली होती?"

गं म्हणाली. मला!