सशाची साक्ष

मी, उत्तरेश्वर दगडू शिनगारे, वय सदुसष्ट, पूर्वी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस, आता घरीच, राहणार बीड, हे मृत्युपत्र चष्मा लावून, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. वकील बबनराव म्हणाले, थोडक्यात लिहा. थोडक्यात लिहिण्यासारखे तीन कलमांत लिहिले आहे, चौथे मात्र थोडक्यात होणार नाही.

कलम १. बीडमधले माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर माझी एकुलती एक मुलगी गीताबाई हिला द्यावे. खरे तर हे घर मी दुसऱ्या कोणाला देणार होतो. त्या बाई घेत नाहीत. का, ते पुढे येईल. जावईबापूंनी वर मजला चढवण्याची भाषा काढू नये, भिंती पेलणार नाहीत. पतसंस्थेतली ठेव संस्थेबरोबरच बुडाली, त्यामुळे तिच्यावरून भांडायचे कारण उरलेले नाही.

कलम २. शेजारी बंकट याने तेरा वर्षांपूर्वी नेलेली माझी कुदळ त्याच्याकडेच राहू द्यावी. आता मागितली तर तो ती त्याच्या वडिलांची म्हणून सांगेल. बंकट या कागदावर साक्षीदार आहे. वकिलांचा नियम असा की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, पुढे कोर्टात शंका घेतात. तेव्हा कुदळ मी त्याला दिलेली नाही, फक्त मागत नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

कलम ३. काचेची सिरिंज आणि उकळायचे पितळी भांडे कॉलेजच्या जीवशास्त्राच्या सरांना द्यावे. परसातला सागवानी पिंजरा माझ्या सरणात घालावा, जाळी आधी काढून घ्यावी. हा पिंजरा दवाखाना बंद पडला तेव्हा मी उचलून आणला. केसरबाई, माझी बायको, जन्मभर विचारत राहिली की कोंबड्या पाळायच्या नाहीत तर ही अडगळ कशाला. तिला खरे सांगितले नाही. ती गेली तेव्हा मला सगळ्यात आधी याचेच वाईट वाटले.

कलम ४. हे कलम कोणाला काही देण्याचे नाही. माझ्याकडे त्रेचाळीस वर्षे अडकून पडलेले आहे ते परत करण्याचे आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी चोवीस वर्षांचा होतो. धारूरकडे सभासदांनी शेअर गोळा करून एक सहकारी दवाखाना काढला होता, तो आता नाही. डॉक्टरसाहेब शिकलेले आणि काटेकोर होते. बाईला दिवस गेले आहेत की नाही हे तेव्हा सशावर तपासत. बाईची सकाळची लघवी सशाच्या मादीच्या कानाच्या शिरेतून टोचायची, दोन दिवस थांबायचे, मग मादी कापून तिचे बीजकोश बघायचे. लाल टपोरे ठिपके दिसले तर बाई गरोदर. ससे सांभाळणे हे माझे काम.

ससाच कशाला, असे मी विचारले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी समजावले. बाईचे बीज महिन्याच्या महिन्याला आपोआप सुटते. सशाच्या मादीचे तसे नाही. अंगाला नराचा स्पर्श झाला की नसा पाठीच्या कण्यातून मेंदूला वर्दी देतात, मेंदू आपल्या खालच्या गाठीला हुकूम करतो, आणि दहा तासांनी बीज सुटते. स्पर्श नाही तर हुकूम नाही. म्हणून एकट्या मादीच्या बीजकोशावर ठिपके उठले तर ते टोचलेल्या लघवीनेच उठले असे समजायचे. पण मादी महिनाभर एकटी हवी. दुसरी मादी जरी तिच्या पाठीवर चढली तरी नसांना फरक कळत नाही, बीज सुटते.

हे सगळे मला माहीत होते. न कळून चूक झाली, असे कोणी माझ्या बाजूने म्हणू नये.

त्या चैत्रात डॉक्टरसाहेब चार दिवस औरंगाबादला गेले. पाणी मैलभरावरच्या विहिरीतून आणावे लागे, तेही गाळासकट. पाच माद्या, पाच खापराची वाडगी, आणि उन्हाने दुपारपर्यंत अर्धी आटायची. मी या सागवानी पिंजऱ्याची मधली फळी काढली आणि दोघींना एका वाडग्यावर ठेवले. एक दुसरीवर चढलेली मी डोळ्यांनी पाहिली. हसलोसुद्धा. चौथ्या दिवशी साहेब यायच्या आधी फळी परत बसवली.

त्याच दिवशी दवाखान्याचे संचालक विठ्ठलराव तोंडे लघवीची बाटली घेऊन आले. सोबत त्यांची विधवा सून चंद्रभागा होती, एकोणीस वर्षांची. तिचा नवरा जगन्नाथ विहीर खोल करताना दरड कोसळून सहा महिन्यांपूर्वी गेला होता. पोर झालेले नव्हते. त्या साली चांगल्या घरच्या बायकाही दुष्काळी कामावर गेल्या हे खरे, पण विठ्ठलरावांनी स्वतःच्या लेकी घरात ठेवल्या आणि सून तेवढी तलावाच्या कामावर माती वाहायला धाडली. दोन महिने ती बाहेर बसली नव्हती. आमच्याकडे बाई पाळीला बाहेर बसते, त्यामुळे बसली नाही तर तेही घरभर कळते. सासूने दिवस मोजले आणि सासऱ्यांनी तिला दवाखान्यात आणले.

साहेबांनी जी मादी टोचली ती त्या दोघींतली एक होती. मी तेव्हाच बोलायला हवे होते. मनात म्हटले, काही होणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागा पायरीवर बसून होती. आत साहेबांनी मादी उघडली. बीजकोशावर लाल ठिपके होते. साहेब माझ्याकडे वळले. विठ्ठलराव दारातच उभे होते.

"उत्तरेश्वर, ही एकटीच होती ना?"

"व्हय साहेब. एकटीच."

माझी नोकरी त्या संचालकाच्या हातात होती आणि घरी माझ्या पगारावर जेवणारी सहा माणसे होती. हे कारण म्हणून लिहितो. माफी म्हणून नाही.

चंद्रभागाबाईंना त्याच आठवड्यात घराबाहेर काढले. जगन्नाथच्या वाट्याच्या जमिनीवर हक्क नाही अशा कागदावर त्यांचा अंगठा घेतला आणि यापुढे तोंड्यांचे नाव लावायचे नाही अशी ताकीद दिली. पुढे पोर झाले नाही. तेव्हा तरी लोकांना कळेल असे मला वाटत होते. लोक म्हणाले, पाडले असेल. आष्टीकडच्या त्यांच्या भावाने महिनाभर ठेवले आणि मग त्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्या. चाळीस हंगाम त्यांनी मोळ्या वाहिल्या.

पुढे तपासायला कागदाच्या पट्ट्या आल्या, ससे बंद झाले. एका डॉक्टरीण बाईंना मी दुसऱ्या कोणाची म्हणून ही हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, बाईचे बीजही मेंदूच्या हुकमाबाहेर नसते. उपास, कष्ट आणि दुःख यांनी मेंदू पाळी थांबवतो, दुष्काळात असे खूप घडते. म्हणजे तिच्या शरीराने खरे तेच सांगितले होते, की मी उपाशी आहे, माझा माणूस गेला आहे. आम्ही ऐकले सशाचे. त्या दिवशी मी घरी जाऊन पिंजऱ्यापाशी बसून रडलो.

चंद्रभागाबाई गरोदर नव्हत्या. त्यांच्या हातून काहीही वावगे झालेले नव्हते. ठिपके माझ्या निष्काळजीपणाचे होते आणि खोटे मी बोललो.

कलम ५. केसरबाईचे वर्षश्राद्ध झाल्यावर मी आष्टीकडे जाऊन त्यांना शोधले आणि हे सगळे सांगितले. त्या बाजरी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. त्यांनी एवढेच विचारले की ती मादी मेली का. कापलीच होती, म्हणालो. मग त्या सुपातले खडे वेचून बाजूला टाकत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

घर त्यांच्या नावे करायचे ठरवून मी त्यांना वकिलांकडे घेऊन आलो. बबनरावांनी कलम दोनमधला नियम त्यांनाही सांगितला, की घर घ्या किंवा साक्ष द्या, दोन्ही नको. त्या माझ्याकडे न बघता वकिलांना म्हणाल्या:

"घर नगं. तवा ह्यांनी सशाची साक्ष घेतली, मला कुणी इचारलं न्हाई. आता माझी घ्या."

मी पुन्हा पुन्हा सांगून पाहिले की घर तरी असू द्या, म्हातारपण आहे. त्यांनी ऐकले नाही. ज्याने एवढे बुडवले त्याच्या छपराखाली त्यांना झोप लागणार नाही, हे मला उशिरा कळले.

कलम ६. माझ्यानंतर कलम चार गीताने चंद्रभागाबाईंच्या सासरच्या गावी सोसायटीच्या ओट्यावर मोठ्याने वाचावे, असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे. चंद्रभागाबाईंनी विचारले की मेल्यावर कशाला, आता तोंड आहे ना. येत्या सोमवारी बाजाराच्या दिवशी मी स्वतः वाचणार आहे. बंकट सोबत येतो म्हणाला आहे, त्याचे आभार. मार खाल्ला तर तो मारणाऱ्यांचा हक्क समजावा, कोणावर फिर्याद करू नये. त्याआधीच मी गेलो तर मात्र गीताने वाचावे. बाळ, तुझ्या बापाने हे केले आहे. वाचताना आवाज खाली आणू नकोस.

वरील सर्व मी लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. दुसऱ्या साक्षीदारासाठी वकिलांनी शाईची गादी पुढे केली होती. त्यांनी ती बाजूला सारली. सही त्या साक्षरता वर्गात शिकल्या होत्या. लिहायला वेळ लागला, आम्ही थांबलो. सहीखालची ओळही त्यांचीच आहे, ती कोणी सुधारू नये.

उत्तरेश्वर दगडू शिनगारे
(सही)

साक्षीदार:

१) बंकट, शेजारी, राहणार बीड
(सही)

२) चंद्रभागाबाई जगन्नाथ तोंडे
(सही)
समदं आयकलं. खरं हाय.

ठिकाण: बीड
तारीख: २१ एप्रिल २०१६