सुयुन्चू मागण्याची घाई

बिश्केक, ४ जून

चि. एर्मेकला थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

सुयुन्चू! सुयुन्चू! गोड बातमी आणणाऱ्याची भेट आधी कबूल कर, मगच पुढचं वाच. मला तुझी करडी शिंगरी हवी.

तुझ्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेल्या गाठीची काच आज माझ्याच सूक्ष्मदर्शकाखाली आली. रंग दिला की वाढीला लागलेल्या पेशी तपकिरी दिसतात. तुझ्यात शोधून शोधून शंभरात एखादी सापडली! गाठ अगदी गरीब गाय निघाली रे. मी प्रयोगशाळेत नाचायचीच बाकी होते. आईला लगेच सांग.

जिवाला जप.
तुझी बेगायिम

आत-बाशीचं कुरण, १० जून

ती. बेगायिम एजेला सा. न. वि. वि.

शिंगरी तुझी! आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मेंढा कापला, बोरसोक तळले, शेजारचे सगळे तंबू आमच्याकडे जेवायला. गाठीमुळे माझं डोकं वाढत होतं आणि आई मात्र कल्पाक टोप्या शिवणाऱ्या म्हाताऱ्याला शिव्या घालत होती, की मेल्याची लोकर आटते. काल त्यालाच मांसाचं भरलं ताट पाठवलं.

आता जुलैच्या तपासणीला काही येत नाही. बर्फ पडला की कळप घेऊनच खाली उतरेन.

माया आहे तशी राहू दे.
तुझा एर्मेक

बिश्केक, १७ जून

चि. एर्मेकला आशीर्वाद.

मी घाई केली रे. आमच्या प्रमुख बाईंनी त्याच काचेची दुसरी कड बघायला लावली, तर तिथे तपकिरी पेशींची गर्दी. मग निराळा रंग देऊन पाहिला. जवळजवळ प्रत्येक पेशीत एक गोल ठिपका! ही जात द्वाड. नेहमीच्या इंजेक्शनांना सहसा दाद देत नाही, आणि शस्त्रक्रियेत मागे राहिलेला गाठीचा कण पुन्हा वाढू शकतो. बाई म्हणाल्या, की बरं दिसलं तिथेच मी थांबले. खरंच आहे ते. मला फार लाज वाटते.

पण वेळेत कळलं, एर्मेक! कण लहान आहे तोवर किरण देऊन त्याला आवरता येईल, असं डॉक्टर म्हणतात. बर्फाची वाट बघू नकोस. हवं तेवढं रागव, पण ये.

वाट पाहणारी,
बेगायिम

आत-बाशीचं कुरण, २१ जून

ती. एजेला सा. न. वि. वि.

शनिवारच्या गाडीने निघतो. कळप आई बघणार आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, की पोरीने लपवलं नाही हे बरं केलं. शिंगरीवरून आपण भेटल्यावर भांडू.

घाबरलोय, खोटं कशाला सांगू? पण तू आहेस म्हणून निघायला हुरूप आहे. फक्त एक ऐक. पुढच्या काचा दुसऱ्या कुणाला तरी बघू दे. तू माझ्याजवळ बस. तुझे डोळे माझी बाजू घेतात, एजे, आणि मला ते तसेच हवेत.

तुझा,
एर्मेक