मशीन बंद होऊ द्यायचं नाही

सोमवार

चि. बारकीस आजीचे आशीर्वाद.

फोन तुझ्या बापाने भिंतीवर फोडला, तुझा नंबरही त्यातच गेला, म्हणून दूधगाडीवाल्याच्या हाती ही चिठ्ठी आणि उरल्यासुरल्या गोळ्यांचा माझा डबा पाठवतेय. दोन्ही लगेच डॉक्टरांना दाखव. माझ्या वाकड्या बोटांनी पाकिटातून गोळी निघत नाही, म्हणून महिन्याच्या सगळ्या एकदम सोलून एकाच डब्यात टाकते. शहाणपण माझंच. पांढऱ्या काळजाचे ठोके कमी करतात, पिवळ्या रक्तदाब उतरवतात.

बापाने तिथे दवाखान्यात, आईने झोपेच्या गोळ्या खाल्ल्या, असं सांगितलं असेल. खोटं आहे. तुझी आई एवढंच म्हणाली, की उद्यापासून तुझ्याकडे राहते. जावईबापू म्हणाले, काळीज फार उड्या मारतंय तुझं, औषध देतो. खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला, जबडा दाबून डबा तोंडात ओतला, वर पाणी ओतून नाक धरलं. मी मागून केस उपटले, तर मला कपाटावर भिरकावलं. एक दात पडला. तसाही हलतच होता. शेजारणीने अँब्युलन्स बोलावली म्हणून तुझी आई तिथवर तरी पोचली.

रडत बसू नकोस, रडून कुणाचं विष उतरत नाही. माया आहेच, ती कागदावर काय मोजून देऊ.

तुझी आजी

मंगळवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

डबा मिळाला. तोवर भलत्याच औषधावर उपाय चालले होते. गोळ्या पाहून डॉक्टरांनी सगळं बदललं, पण माझ्यासमोरच आईचं हृदय थांबलं. छाती दाबताना बरगड्या मोडल्या, तो आवाज मी ऐकला. मग मांडीत बोटाएवढ्या जाड नळ्या घुसवल्या. काळपट रक्त बाहेर येतं, मशीनमधून फिरून लाल होऊन आत जातं. हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम आता तेच करतंय. मशीनवाल्या ताई हलत नाहीत, बॅटरी मारून नळीत गुठळी शोधत असतात. नळीमुळे पाय निळा पडला, तर त्याला वेगळी बारीक नळी लावली.

डॉक्टर म्हणतात, हृदय बिघडलेलं नाही, औषधाने आवळून धरलंय. विष उतरलं की ते आपणहून चालेल. तोवर मशीन बंद झालं तर आई गेली.

बाबा येऊन सगळ्यांसमोर रडले. तिने स्वतःच खाल्ल्या, आता हाल नकोत, मशीन काढा म्हणाले. मी ओरडून खरं सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, पोलिसांत तक्रार नसेल तर नवऱ्याचीच सही चालते. सही करायला ते उद्या येणार आहेत. आजी, डोळ्यांनी पाहिलंस तू, तक्रार तूच दे. नाहीतर त्यांना घराबाहेर पडू देऊ नकोस.

तुझ्याच भरवशावर,
बारकी

बुधवार

चि. बारकीस आशीर्वाद.

चौकीत गेले होते. तिथला हवालदार तुझ्या बापाच्या पेल्याला पेला लावणारा. म्हणाला, नवरा-बायकोचं भांडण आहे, म्हाताऱ्या माणसाने घरी पडून राहावं.

घरी आले तर जावईबापू पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, म्हातारे, आज मोकळा होतो. खलबत्त्याचा लोखंडी बत्ता मी दोन्ही हातांनी धरला. बोटं वाकडी असली तरी मनगटं शाबूत आहेत. गुडघ्यावर घातला. हाड वाजलं. उठायला बघत होते, म्हणून तिथेच दुसरा घातला.

आता दाराला आतून कडी आहे आणि बत्ता मांडीवर. ते माझ्या सात पिढ्या उद्धरतायत, लोकांना हाका मारतायत. शेजारणीने रेडिओ मोठा केलाय. ही चिठ्ठी तीच खिडकीतून नेतेय.

कुणी सही करायला येत नाही. तू मशीन बघ.

आजी

शुक्रवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

आईचं हृदय आपणहून चालू लागलं. मशीनचा वेग कमी कमी करत आज नळ्या काढल्या. पायाची दोन बोटं बहुतेक जातील. घशातली नळी निघाल्यावर आवाज करवतीसारखा आला. इथले पोलीस समोर होते. ती पहिलंच वाक्य बोलली, की बाबांनी नाक धरलं होतं. सगळं लिहून घेतलंय.

उद्या पोलीस साहेब बाबांना पकडायला येतील. गुडघ्याचंही विचारतील. जपून बोल. आई तुझी वाट बघतेय.

तुझी बारकी

शनिवार

चि. बारकीस आशीर्वाद.

जावईबापूंना स्ट्रेचरवर घालून नेलं. साहेब सभ्य होते. गुडघ्याचं विचारलं आणि उत्तरही स्वतःच पुढे केलं, पायरीवरून घसरले असतील ना. म्हटलं, नाही साहेब, मी बत्त्याने फोडला, तसंच लिहा. आज मी पाय घसरला म्हणाले, तर उद्या तो कोर्टात सांगेल, गोळ्याही घसरूनच तिच्या तोंडात गेल्या.

मलाही बोलावतील म्हणाले. पिशवी भरून ठेवलीय. आईला घेऊन इथेच ये. मी नसले तर किल्ली शेजारणीकडे आहे.

तिला जवळ घे, माझ्याही वाटणीचं.

तुझी आजी