पाचव्या माळेची वात

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज पुन्हा गेले वर. देवपूजेच्या आधी!

सासूबाईंना म्हटलं, टाकी भरली का बघून येते. टाकी बघायला कितीसा वेळ लागतो? मग जुईलीच्या दारात उभी राहिले, ती राहिलेच. जुईली वरच्या खोलीतली आमची भाडेकरू. कोल्हापूरची पोर, हिंजवडीला कंपनीत आहे. सहा वाजता लॅपटॉपवर फुटबॉल लावते — दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची मोठी स्पर्धा आहे म्हणे. तिकडे रात्र, इकडे घोटावड्यात आमची सकाळ.

एकटी नसते. मोबाइल उशीला टेकवलेला, त्यात तिचे बाबा. त्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. एके काळी कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते! आता डावा हात उचलत नाही. जुईली म्हणाली, "एरवी फोन केला तर 'हं' म्हणतात काकू, नाहीतर 'ठेव' म्हणतात. मॅच लागली की बोलतात. तेवढंच बोलतात."

मी पदर सावरून खुर्चीच्या कडेला बसले. अर्ध्या चड्डीतले परके पुरुष, आणि मी न्हाऊन-धुऊन, तोंडात देवीचं नाव! खाली आल्यावर दिवा लावताना हात अवघडले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज कळलं. ही बाद फेरी. हरला तो गेला. पण एका सामन्यात नाही, दोन सामने — एक यांच्या गावी, एक त्यांच्या गावी, आणि दोन्हींची बेरीज. पहिल्या सामन्यातली बाकी पुढे ओढायची. हे मला फार पटलं. रोजचा जमाखर्च लिहिते तसंच की! बोलून गेले तर मोबाइलमधून तिचे बाबा हसले. शब्द जड येतात त्यांचे. "वैनी, तुम्ही रेफरी व्हायला पायजे होतं बघा."

लाल-काळ्या पट्ट्यांचे आपले जिंकले. आपले! काय लिहितेय मी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लाल-काळे पुढच्या फेरीत पहिला सामना जिंकले. दोन-एक. आता पुढच्या शुक्रवारी समोरच्यांच्या गावी.

बाबांनी आज गोलकीपरची विद्या सांगितली. "पेनल्टी मारणाऱ्याच्या डोळ्यांकडं बघायचं न्हाई वैनी. डोळं फसवत्यात. कंबर बघायची. कंबर वळायला लागली की चेंडू निघायच्या आधी उडी टाकायची. निघाल्यावर टाकली तर गेलाच."

जुईली म्हणाली, "मला लहानपणी अंगणात दोन चपला ठेवून उभी करायचे. रडले तरी सोडायचे नाहीत."

"रडत रडत अडवायची की," बाबा म्हणाले. काय अभिमान होता आवाजात!

संध्याकाळी देवीपुढे हात जोडले आणि मनात आलं — शुक्रवारी लाल-काळ्यांना सांभाळ. देवीजवळ मागायची ही गोष्ट? दोन्ही कान धरले. मागणं मात्र परत घेतलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. अखंड दिवा लागला. आता दसऱ्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून जपायचं. आमच्या घरात तर तो शब्दही काढत नाहीत — गेला म्हणायचं फार तर, आणि तेही म्हणायची वेळ यायला नको.

रोज पहाटे सासूबाई माझ्या लेकीला, दिशाला घेऊन गावदेवीच्या आरतीला जातात. अनवाणी. हे दूध घालायला डेअरीवर. तेवढा वेळ दिवा माझ्याकडे. मी तेल थोडं थोडं घालते, म्हणजे पाटावर ओघळत नाही, वाया जात नाही. सासूबाईंचं लक्ष असतंच — "देवीच्या दिव्यात तरी हात आखडू नको गं सुलू! लई मापात घालतीस."

२६ सप्टेंबर, शुक्रवार. पाचवी माळ.

आई, मला क्षमा कर. आज लिहवत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

लिहून काढते. बोलायला कोणी नाही.

काल सगळे बाहेर पडले आणि मी वर गेले. दिव्यात तेल होतं. ठरवलं होतं, मध्यंतरात खाली यायचं, तेल घालायचं, पुन्हा जायचं. मध्यंतर झालं. जुईली पाण्याची बाटली घेऊन उठली, कारण पिण्याचं पाणी ती आमच्या स्वयंपाकघरातून नेते, देवघराच्या बाजूलाच. मीही उठत होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "वैनी, आज जीव घाबराय लागलाय. बसा जरा." बसले. काय खोटं लिहू, मलाही उठायचं नव्हतंच.

लाल-काळे एक-शून्य हरले. बेरीज दोन-दोन. बरोबरी! मग पेनल्टी. प्रत्येक फटक्याला बाबा ओरडत होते, "कंबर बघ! कंबर बघ!" आणि त्यांचा तो निकामी हात — जुईली सांगते — पांघरुणाखाली हलत होता. लाल-काळ्यांच्या गोलकीपरने अडवला. जिंकले. मी टाळ्या वाजवल्या. जुईलीने मला मिठी मारली.

खाली आले. देवघरात अंधार.

वात पार जळून गेली होती, काळी, कोरडी. नवी वात वळली, तेल घातलं, काडी ओढली. काडी चुलीत टाकली. देवीकडे वर बघितलंच नाही.

सासूबाई आल्या. घटापुढे बसल्या, गुडघ्यावर हात टेकून. मग म्हणाल्या, "वात नवी हाय."

पाच दिवसांच्या वातीवर काजळी असते. ही पांढरीशुभ्र. म्हाताऱ्या डोळ्यांना ते पहिल्यांदा दिसलं.

"दिवा गेला व्हता."

आणि बसल्या बसल्या कंबरेतून माझ्याकडे वळायला लागल्या. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आता मलाच माहीत नाही. तोवर स्वयंपाकघराच्या दारातून जुईली — पेला घेऊन उभी होती — म्हणाली, "आजी, मघाशी मी आत आले होते. पाण्याला. मला अडचण आहे. लक्षातच राहिलं नाही."

सासूबाई तिच्याकडे वळल्या ते बघवत नव्हतं. "पाळीत? घट बसल्याल्या घरात? देवघराला लागून?"

"चुकलं आजी."

"चुकलं म्हनं! शिकल्याली पोरगी तू. आमची दिशा कदी असं करल का?"

दिशा म्हणाली, "आजी, त्याने काय दिवा जातो का?" तर तिलाही बोलणी बसली.

मी उभी. ओट्याला टेकून. 'काकू माझ्याजवळ बसल्या होत्या' — एवढं जुईली म्हणाली असती तर झालं असतं. म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ह्यांनी तिला सांगितलं, "पुढचा म्हैना ऱ्हा, मग दुसरीकडं बघ बाय. म्हातारीच्या मनात आलं म्हंजी न्हाई जायाचं."

२९ सप्टेंबर, सोमवार

सासूबाईंनी चहा सोडला. फळं सोडली. दिवा गेला त्याचं प्रायश्चित्त म्हणून आरतीनंतर पेलाभर दूध, बस्स. आज देवळाच्या पायरीवर भोवळ आली. दिशाने धरलं म्हणून.

तेल चुकवलं मी, आणि उपास त्या करतात.

पण एक आहे. तिला अडचण होतीच ना? आणि ती त्याच वेळी आत आली ना? रोज मी तेवढंच तेल घालते, रोज पुरतं. चौथ्या माळेपर्यंत पुरलं. त्याच दिवशी का कमी पडलं? देवीला चाललं नसेल. तेलाचं नुसतं निमित्त.

हे लिहिलं आणि थोडी झोप लागेल असं वाटतंय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

जुईली सोनं द्यायला खाली आली. सासूबाईंनी आपट्याची पानं हातात घेतली नाहीत. "ठेव तितं," म्हणाल्या. तिने पाटावर ठेवली, वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे आली. "सोनं घ्या काकू, सोन्यासारख्या राहा."

घेतली. राहायचं कसं ते मात्र तिने सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

सुट्टी मिळाली नाही म्हणून जुईली इथेच. वर उपांत्य फेरी लागली होती. जिन्यातून बाबांचा आवाज येत होता. मी अंगण झाडलं. मग तेच अंगण पुन्हा झाडलं.

जुईली खाली आली ती म्हणाली, "बाबा विचारत होते, वैनी कुठायत. सांगितलं, दिवाळीची कामं आहेत."

माझ्यासाठी आणखी एक खोटं बोलली पोर. म्हणजे पहिलं बोलली नव्हती, पहिल्यांदा गप्प राहिली होती. पण तेही खोट्यासारखंच.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

गेली. टेम्पोत सामान थोडंसंच — गादी, दोन बॅगा, तुळशीची कुंडी. हिंजवडीला मुलींच्या पीजीत जागा मिळाली आहे. एका खोलीत चौघी.

"तिथे सकाळी मॅच?" मी विचारलं.

"बाकीच्या झोपलेल्या असतात ना काकू. आवाज करता येत नाही. बाबांशी बोलताही येत नाही." मग हसली. "आपले अंतिम फेरीत गेले! काल."

"मग बाबा?"

"बघतील की एकटे. गोलकीपर एकटाच असतो."

डब्यात बेसनाचे लाडू दिले. डबा परत करायला येईन म्हणाली. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच. खरं म्हणजे तिने यायला नको होतं मला. तोंड कुठे लपवू?

खोली पुसून घेतली. भिंतीवर मोबाइल टेकवायच्या जागी उशीचा तेलकट डाग आहे. तो घासला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

वरच्या खोलीला दोन पोरं येऊन बघून गेली. यांना म्हटलं, इतक्यात नको. का, म्हणाले. पंख्याचा आवाज येतो, म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

अंतिम सामना रात्रीच होऊन गेला, मला माहीतही नव्हतं. सकाळी तुळशीला पाणी घालत होते, फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडे कोणी रडत होतं.

"वैनी... जिंकलो."

जुईलीचे बाबा. तिच्याकडून नंबर घेतला म्हणे. एकट्याने बघितला सामना. मध्येच विचारायचे, 'आता काय वाटतं वैनी?' — आणि मग लक्षात यायचं की कोणी नाही.

"लेकीनं खोली का सोडली हो? कंपनी लांब पडती म्हणती. मला खरं वाटत न्हाई. तुमचं लई चांगलं सांगती. आईगत ठेवली म्हणती काकूंनी."

काहीतरी 'हो, हो' म्हटलं. फोन ठेवला आणि तशीच ओल्या हाताने सासूबाईंकडे गेले. त्या वाती वळत बसल्या होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं. पाचव्या माळेला मी घरात नव्हते. वर फुटबॉल बघत होते. ऑगस्टपासून बघत होते. तेल घालायला आले नाही. वात मी बदलली.

त्यांची बोटं थांबली.

"फुटबाल?"

"हो."

"देवीचा दिवा सोडून?"

"हो."

मला वाटलं होतं ओरडतील, निदान हातातलं काही आपटतील. तसलं काहीच नाही. एक वात पुरी वळली, मांडीवर ठेवली. "आन् मी पेलाभर दुदावर ऱ्हायले. तू समूर बसून बगत व्हतीस."



दुसऱ्या वातीचा कापूस हातात घेत म्हणाल्या, "तुजं तेल चुकलं. पर त्या पोरीचं शिवनं बी चुकलंच की. निम्मं तुजं, निम्मं तिचं. निम्म्यासाठी घराभायेर नव्हती काढायची. येत्या आयतवारी जाऊ तिच्याकडं. मी येते. परत आनू."

खोटं का लिहू — निम्मं ऐकून छातीवरचं ओझं उतरलं. निम्मं पेलवेल मला. रात्री पोटभर जेवले.

७ डिसेंबर, रविवार

पीजीच्या पायरीवर सासूबाईंनी जुईलीच्या हातात नारळ दिला. म्हणाल्या, "पोरी, तू अडचनीत व्हतीस ते खरं, पर दिवा काय तुज्या एकटीमुळं न्हाई गेला. चल घरी."

जुईली नारळाकडे बघत म्हणाली, "आजी, मला त्या दिवशी अडचण नव्हतीच."

"मंग बोललीस का गं तसं?"

"तुम्ही काकूंकडं वळायला लागला होता."