आयरीनबाईंचं घर

ब्रिस्बेन

प्रिय गौरक्का,

तुझे गुडघे कसे आहेत? मंजुश्रीचं बाळ आता मान धरायला लागलंय. फोनवर आपण रोज बोलतो, पण हे बोलायला जमेना, म्हणून लिहायला बसले.

लेक राहते ते शहराच्या कडेचं लहानसं उपनगर. गल्ली संपली की नदी. पाणी आपल्या तेरणेसारखंच मातकट, पात्र तेवढं लई रुंद. काठावर कुत्री फिरवणारी माणसं अनोळख्यालाही हात करतात.

गेल्या महिन्यात ही नदी गल्लीत शिरली. मंजुश्रीचं घर चढावर, म्हणून वाचलं. समोर आयरीनबाईंच्या घरात छातीएवढं पाणी. ऐंशीची एकटी बाई, आमच्याकडंच आणून ठेवली. पाणी ओसरलं तशी सगळी गल्ली फावडी घेऊन आली. मी पिठलं-भात केला. तिखटानं नाक पुसत पुसत सगळ्यांनी खाल्ला, वर आणखी मागितला.

घर धुऊन निघालं, पण आयरीनबाई आत पाऊल टाकेनात. तीन दिवस अंगणात खुर्चीवर बसून. सगळे समजावून दमले. मला मात्र कळलं. भूकंपात ढिगाऱ्यातून काढल्यावर दोन वर्षं मी छताखाली पाठ टेकली नव्हती. तूच निलंग्याला माझ्यासाठी अंगणात बाज टाकायचीस. मी जवळ गेले, मराठीतच म्हणाले, "बाई, एकटीनं नका जाऊ. मी हाय की." काय समजलं कुणास ठाऊक, पण उठल्या. ओल्या भिंतीला हात लावून त्या रडल्या, मीही रडले. मग त्यांनीच एकेक खिडकी उघडली.

घरी आल्यावर मंजुश्रीनं विचारलं, "आई, तू कुणासाठी रडत होतीस?" तीस वर्षांनी लेकीला आपल्या भावाबद्दल, महांतेशबद्दल सांगितलं. आणि जे तुला कधी सांगितलं नाही, तेही.

अक्का, तू अजून म्हणतेस, "पोरगा माझं ऐकून एसटीनं निघून आला असता तर वाचला असता." त्यानं ऐकलं होतं. पिशवी भरून बसला होता. "गणपती बुडवून जा की रे," म्हणून मीच ठेवून घेतला. दुसऱ्या पहाटे गाव गेलं. त्याला हट्टी म्हणू नको आता. रागवायचं तर माझ्यावर रागव. दिवाळीआधी मी येतेच आहे. जुन्या गावात आपण दोघींनी इतकी वर्षं पाय टाकला नाही, तिथं सोबत जाऊ. मंजुश्रीही बाळ घेऊन येते म्हणतेय. तिला मामाचं गाव बघायचंय.

तुझीच धाकटी,
रत्नम्मा